फुईच्या बाजूची सीट

३ फेब्रुवारी, मंगळवार

गणेशभाऊचा फोन. तिकिटं निघाली. सुरतहून बेंगलोर, विमानाने. मी आणि फुई, माझ्या बापाची बहीण, तेरा तारखेला.

फुईला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून तिच्या पोराचा फोन मीच घेते आणि हाताने तिला सांगते. नातू झाल्यापासून ती रोज एकच विचारते. बाळ झुलवल्यासारखे हात, मग तळवा उलटा. म्हणजे कधी. आज पहिल्यांदा उत्तर होतं माझ्याकडे.

विमानाची खूण तिनेच काढली. अंगठा आणि करंगळी ताठ, हात तिरका वर, तोंडाने फू.

मग भाऊ म्हणे सीट घेतली नाही अजून. फोन स्पीकरवर होता, बा बाजूलाच बसलेला.

"तिकीट शे आन सीट नही? मंग काय दांडाले धरीसन उभं ऱ्हावानं?"

"मामा, सीट भेटस. कोनती ते त्या ठरावतस. आपले ठरावनी व्हई ते ज्यास्त पैसा."

बा इतका हसला की ठसका लागला. "मंग सोनीले रुमाल दी देस. खिडकीमाईन टाकी देई." सोनी म्हणजे मी.

फुईने विचारलं, का हसतोय हा? मी हात उचलले आणि थांबली. पैसे याची खूण आहे. बसणे याची आहे. पण जागा आहे आणि तरी ती कुठे ते माहीत नाही, हे कसं सांगायचं? शेवटी मी म्हटलं, बा येडा आहे. ते तिला पटलं.


४ फेब्रु.

भाऊला मेसेज केला, सीटचं चित्र पाठव. त्याने पाठवलं.

वरून बघितल्यासारखं विमान. आत चौकोन चौकोन. तीन इकडे, तीन तिकडे, मधून चालायची वाट. निळे, जांभळे, हिरवे, प्रत्येक रंगाचा भाव वेगळा. करड्यावर फुली म्हणजे गेली. पाय लांब करायची जागा वेगळी, तिचे वेगळे पैसे. पुढची महाग, मागची स्वस्त. का पण? सगळे एकदमच पोचणार ना.

एस.टी.त खिडकी कोणाला, तर ज्याला उलटी होते त्याला. त्यात कोणी भांडत नाही. विमानाची खिडकी तर उघडतच नाही म्हणे. मग पैसे कशाचे? नुसतं बघायचे?

आणि मधली सीट सगळ्यात स्वस्त. जी कोणालाच नको ती.

हे भाव कोण ठरवत असेल? तो स्वतः कुठे बसत असेल?

गाड्यावर शेंगा भाजता भाजता फुईला चित्र दाखवलं. तिने बोट ठेवून आमच्या दोघींची जागा विचारली. मी म्हटलं माहीत नाही. तिने भुवया वर केल्या. आमच्यात माहीत नाही असं मी फार कमी बोलते.


६ फेब्रु.

बाने तोड काढली. फुईचं अपंगाचं कार्ड.

एस.टी.त कसं असतं. पुढच्या राखीव सीटवर कोणी बसलेलं असलं तरी फुई कार्ड त्याच्या नाकासमोर धरते. माणूस उठतो. सोबत म्हणून मी तिच्या बाजूला. मला एक शब्द बोलावा लागत नाही. म्हणून मला एस.टी. आवडते.

बा म्हणे, "इमान सरकारना वर जास का? तठे बी कार्ड चालीच. फुकट पैसा कसाले भरो?"

भाऊला लिहिलं, फुईचं कार्ड आहे, सीटचे पैसे नको भरू. त्याने अंगठा पाठवला. झालं.

मम्मीने कार्डाला नवीन प्लास्टिक घातलं.


८ फेब्रु., रविवार

फाट्यावर आज गर्दी. धुळ्याकडच्या चार गाड्या एकामागे एक. बाकीचे ओरडून विकतात, आम्ही दोघी नाही. फुई खिडकीखाली उभी राहून बोटं दाखवते, एक पुडी, दोन पुडी. आतला पण काचेमागून बोटं दाखवतो. मी पुड्या बांधते. ओरडणाऱ्यांपेक्षा कमी विकल्या जातात असं नाही.

पारसशेठ, किराणावाले, त्यांचं राजस्थानला येणं-जाणं असतं, विमानात बसलेले आहेत. पाव किलो शेंगा घ्यायला आले. बाने त्यांना सांगितलंच, सोनी जाते आहे म्हणून.

शेठ म्हणाले, "सीट ली क्या बेटा? नहीं ली? फिर तो अलग-अलग देगा. मेरी घरवाली को एक बार टॉयलेट के पास दिया, मेरे को पंख पे."

बा म्हणाला, "पंखवर?"

"पंख के बाजू में रे! मैं तो अब पैसा भर देता हूँ. घुटना दुखता है और घरवाली सुनाती है, दोनों से बचता हूँ."

बाने कार्डाचं सांगितलं. शेठनी मान हलवली, हो पण नाही आणि नाही पण नाही. "देखो. नहीं तो बाजूवाले को बोलना, भैया, सीट बदल लो. लोग मान जाते हैं. बोलने में क्या जाता है?"

बोलने में क्या जाता है. शेठना काय माहीत माझं काय जातं. नववीत मला वाचायला उभं केलं की आवाजच निघायचा नाही, पोरं मागून बेडकाचा आवाज काढायची. दिवाळीनंतर गेलीच नाही मी. घरी कोणी जास्त विचारलं पण नाही, फुईला सोबत लागतेच.

फुईने माझं नाव ठेवलंय ओठावर बोट. म्हणजे गप्प. दुसऱ्याला वाटतं ती त्यालाच गप्प करते आहे.


९ फेब्रु.

प्रॅक्टिस. भट्टीसमोर. भैया, सीट बदल लो. नको, बदलेंगे क्या. नको, मेरी फुई को सुनाई नहीं देता, आप थोडा...

फुई बघत होती. विचारलं, कोणाशी बोलते? मी म्हटलं शेंगांशी. तिने एक शेंग उचलून माझ्या कानाला लावली.

मला खरं भ्या एकाच गोष्टीचं आहे. विमानात काही झालं, कोणी ओरडून सांगितलं उठा, बसा, पट्टा बांधा, तर फुईला कोण सांगणार. तिच्या खुणा जगात तीन माणसांना येतात. मी, बा, आणि गणेशभाऊला अर्ध्या.


१२ फेब्रु., गुरुवार

फोनवर आज सीट आल्या.

फुई १९ बी. मी २७ ई. दोघी मधल्या. शेठ बोलले तसंच.

कार्ड कुठे दाखवायचं ते फोनमध्ये सापडलंच नाही. पुन्हा सगळं वरखाली केलं. दोन सीट जोडून पाहिजे तर आता फक्त एकदम पुढच्या उरल्या, त्यांचा भाव बघून बाने चष्मा काढला. "राहू दे. तठे कार्ड दाखाडजो."

फुईला सांगितलं. तू इथे, मी तिथे, मध्ये माणसं माणसं माणसं. तिने विचारलं, का? मी म्हटलं पैसे. ती म्हणाली, पैसे तर गणेशने दिले. मी म्हटलं ते जायचे. बाजूला बसायचे वेगळे. तिने दोन बोटं जोडली, आम्ही दोघी, आणि तळवा उलटा केला. ह्याचे पैसे? अशी बघत राहिली की जणू मीच लावलेत.

एक डोक्यात आलं. फुई पुढे आणि मी मागे असली तर तिला मी दिसणारच नाही. पण उलटं केलं, मी १९ वर आणि ती २७ वर, तर मी मागे वळून हात करीन आणि तिला दिसेल. बाला विचारलं, असं चालेल का, कागदावर नाव असतं. बा म्हणे, "बठनावर नाव कोन देखस?"


१४ फेब्रु., शनिवार. बेंगलोर

पोचलो. काल लिहायला जमलं नाही. बाळ गोरं आहे, नाक भाऊचं. फुई त्याला सोडत नाही. आता निवांत लिहिते.

सुरत विमानतळावर सामान घेणाऱ्या मुलीला कार्ड दाखवलं. चांगली होती. कार्ड उलटंपालटं केलं, कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "ये बुकिंग के टाइम बताना होता है. बताया था क्या?" मी नाही म्हणून मान हलवली. "अभी तो फुल है. अंदर क्रू से बोल देना." मी हो म्हटलं. एवढंच निघालं तोंडातून. म्हणजे तिकिटाच्या वेळी एक ओळ कळवली असती तर बहुतेक झालं असतं. आम्ही अंगठा बघून खुश झालो.

विमानात पुढच्या दारातून शिरलो. आणि फुई सरळ पहिल्याच रांगेत बसली. तिचं बरोबर आहे, एस.टी.त तीच आमची जागा. कोटवाला एक माणूस मागून आला, त्याची सीट ती. फुईने कार्ड वर केलं, त्याच्या नाकासमोर. माणूस कार्ड वाचायला लागला. मागे लाईन थांबली. एअर होस्टेस हसत आली, "मैम, ये सीट..." फुईने तिलाही कार्ड दाखवलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फुईला सांगितलं, उठ, आपली नाही. ती म्हणाली, पुढची आपलीच असते. मी म्हटलं इथे नाही. तिने वर बघितलं, एस.टी.त खिडकीवर अपंगांसाठी लिहिलेलं असतं ते शोधत होती. मग उठली. भांडली नाही. कार्ड पदराखाली ठेवलं आणि माझ्यामागून चालायला लागली. तिची चाल एकदम बारीक झाली होती. मला ते बघवलं नाही.

तिला २७ ईवर बसवलं, पट्टा लावून दिला. खिडकीला एक बाई, कुर्त्यातली, डोळे मिटून. मी तिला उठवून सांगायला पाहिजे होतं, की हिला ऐकू येत नाही. मागून लोक ढकलत होते. मी तशीच १९ वर आली.

माझ्या एका बाजूला झोपलेला पोरगा, वाटेकडच्या बाजूला चष्मेवाले काका, लॅपटॉप. मी त्यांच्याकडे बघितलं. शेंगांपुढे पाठ केलेलं सगळं गेलं. तरी बोलली. खरंच बोलली. "अंकल, मेरी फुई पीछे है, उसको सुनाई नहीं देता. आप पीछे बसेंगे क्या?"

"पीछे कौन सी सीट है?"

"बीचवाली."

काकांनी चष्मा वर केला. "बेटा, मैंने इसका पैसा भरा है."

रागाने नाही बोलले. आणि खरंच होतं. मी त्यांना काय देत होती? विकत घेतलेली जागा द्या आणि कोणालाच नको ती घ्या. एस.टी.त माणूस जागा धरतो, म्हणून त्याला सरका म्हणता येतं. विकत घेतलेल्याला कसं म्हणायचं?

मी सॉरी म्हटलं. कान गरम झाले होते.

भाऊ जेवायला बोलावतो आहे.


१५ फेब्रु.

पुढचं.

विमान हलायच्या आधी दोन मुली वाटेत उभ्या राहिल्या, एक पुढे, एक मागे फुईजवळ. वरून कोणी इंग्रजीत बोलतं आणि ह्या फक्त हात करतात. तोंड बंद! मला माहीतच नव्हतं असं असतं. पट्टा असा लावा, असा काढा. दारं इकडे, दारं तिकडे. नाकाला हे असं.

कोणी बघत नव्हतं. काका लॅपटॉप बंद करत होते, पोरगा झोपलेला. मी सीटच्या फटीतून मागे बघितलं.

फुई ताठ बसलेली. एवढ्या लोकांत पहिल्यांदा तिच्याशी कोणीतरी नीट बोलत होतं. मुलीने दोन्ही हात पुढे करून दारं दाखवली. आमच्या घरात ती खूण म्हणजे गाडी निघून गेली. फुईने लगेच हात केला, कुठे गेली? मुलगी गोंधळली. तिने परत दाखवलं, या वेळी सावकाश, नुसतं फुईसाठी. फुईने मान वळवून दार बघितलं आणि अंगठा दिला. नाकाचं आलं तेव्हा फुईने पण हवेत नाकाला लावून बघितलं, बरोबर का? मुलीने मान डोलावली. वाटेकडे बसलेला म्हातारा हसला आणि त्याने पण करून बघितलं.

मग विमान उडालं. मी डोळे मिटले होते.

पट्ट्याचा दिवा विझला तशी उठून मागे वळली. जायचं होतं फुईकडे, पण वाटेत खाण्याची गाडी आडवी. आणि फुई २७ ईवर नव्हतीच. माझा जीव गेला. मग दिसली. खिडकीत! कुर्त्यातली बाई मधे बसली होती आणि फुईच्या पुडीतल्या शेंगा खात होती. म्हातारा पण खात होता.

फुईने मला बघितलं आणि ओठावर बोट ठेवून हाक मारली. आजूबाजूच्या दोन-तीन रांगा एकदम गप्प झाल्या. त्यांना वाटलं त्यांनाच सांगितलं.

मी विचारलं, कशी काय खिडकीत? ती म्हणाली, मी सारखी वाकून बघत होती, हिने गालाखाली हात ठेवले, मला झोपायचंय, तू ये इकडे. बस. त्या बाईनेही पैसे भरले असतील खिडकीचे. कोण जाणे. फुईने मागितली नव्हती आणि मी तर सांगायलाच थांबली नव्हती.

मग फुई बोलायलाच लागली. एवढ्या डोक्यांच्या वरून. खाली पाणी आहे, म्हणाली. मी म्हटलं नदी? ती म्हणाली नाही. तिला समुद्र माहीत नाही, त्याची आमच्यात खूणच नाही. तिने पाणी केलं, मग इकडचा काठ केला, मग पलीकडचा काठ केला आणि तो हाताने पुसून टाकला.

मी तशीच उभी. मला माझ्या जागेवरून झोपलेल्या पोराचं डोकं दिसत होतं, त्यामागे खिडकीचा पांढरा तुकडा. समुद्र मी फुईच्या हातात बघितला.

"क्या बोल रही हैं?" काका.

"बोलती है, नीचे पानी है. उस तरफ का किनारा किसीने पोंछ दिया."

काका वाटेपलीकडच्या खिडकीकडे वाकून बघायला लागले. मग म्हणाले, "हाँ, समुंदर. और क्या बोल रही हैं?"

ढग आले तेव्हा फुई म्हणाली, कोणीतरी मीठ सांडलंय. एक जहाज दिसलं, ती म्हणाली शेंगेचं टरफल. मी काकांना सांगत गेली. पुढच्या रांगेतल्या एका बाईनेही वळून विचारलं. मी किती बोलली! आवाज निघत होता. कोणाचा होता कोण जाणे.

एकदा मी फुईला विचारलं, तिथे येऊ का तुझ्याकडे, गाडी गेली आता वाटेतली. ती म्हणाली, कशाला? बस ना. इथे जागा नाही.

बरोबरच होतं. जागा नव्हतीच. पण ते मला आठवत राहिलं, उतरेपर्यंत.


१८ फेब्रु.

भाऊचे हात गंजले आहेत. फुई काही सांगते आणि तो माझ्याकडे बघतो. पण ती बाळाशी बोलते तेव्हा तो दारात उभा राहून बघतो. बाळ तिची बोटं पकडायला जातं. तिला वाटतं ते उत्तर देतंय.

इथे बिल्डिंगखाली एक भाजीवाली आहे, तिला आमची कोणतीच भाषा येत नाही. फुई तिच्याकडून एकटी कोथिंबीर घेऊन आली. मला न सांगता गेली होती.


२२ फेब्रु., रविवार

परतीची तिकिटं, पुढच्या महिन्यातली. भाऊ म्हणे, "ह्या टाइमले मी पैसा भरस. तुमले जोडेजोडे बसाडस. मन्ही चूक व्हती, मी अंगठा पाठाडी दिन्हा."

सीटचं चित्र उघडलं. फुईने फोन घेतला त्याच्याकडून. तिला सांगायची गरज पडली नाही, रंग, फुल्या, सगळं तिला कळतं. बोट फिरवत गेली आणि एका खिडकीवर दाबलं. भाऊने पैसे भरले.

"आन सोनीले हाई मधली. मायना जोडे."

फुईने मान हलवली. नाही. मग माझ्याकडे वळून हाताने म्हणाली, तू पण खिडकी घे. दुसऱ्या बाजूची. मी माझी बाजू बघीन, तू तुझी. घरी गेल्यावर सांगू.

मी भाऊला सांगितलं ती काय म्हणाली ते. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

भाऊ म्हणे, "मंग? तुन्हा मनमा काय शे? तू कोठे बठशी?"

एस.टी.त, गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत, फुई बसली की तिच्या बाजूला मी. हे मला कधी कोणी विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात. मी पण नाही विचारलं.

भाऊ फोन माझ्या हातात देऊन दूध आणायला गेला. "ठरावीसन ठेव."

फुईची सीट आता करडी, फुली मारलेली. तिच्या बाजूची रिकामी आहे. आणि पलीकडे एक खिडकी रिकामी, पंखाच्या थोडी मागे. तिथून काय दिसत असेल? नुसता पंख? का पंखाच्या पलीकडचं पण?

दोन्हीवर बोट ठेवून बघितलं. दाबलं नाही. फुई आत बाळाला पावडर लावते आहे, इकडे बघत पण नाही.

जिन्यात भाऊच्या चपला वाजल्या.